अर्थशास्त्र विभागाचे पाहुणे कोण ठरवतं?



आपल्याकडच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र विभागाचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. सुरुवातीला अभ्यास मंडळाचं उद्घाटन, मध्ये शेअर बाजार जागृतीचं एखादं शिबिर, एखादं उद्योजकतेचं, फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर व्याख्यान. नॅकची समिती येणार असेल तर एखादी राष्ट्रीय परिषदही. प्रत्येक कार्यक्रमाला एक पाहुणे वक्ते. दीपप्रज्वलन, शाल, पुष्पगुच्छ, पाहुण्यांचा परिचय, तासभर भाषण, आभार, चहा. आणि बहुतेक ठिकाणी "वेळेअभावी" प्रश्नोत्तरं रद्द.

आपली चळवळ या कार्यक्रमांकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून हे लिहिते आहे. शिष्यवृत्ती अडली की आपण समाजकल्याण कार्यालयावर जातो. वसतिगृहात पाणी नसलं की धरणं धरतो. प्राध्यापक भरतीत बिंदुनामावली डावलली की निवेदन देतो. हे सगळं केलंच पाहिजे. पण एवढं लढून जो मुलगा, जी मुलगी वर्गात जाऊन बसली, तिला तिथे काय ऐकवलं जातं आणि कोण ऐकवतं, हा प्रश्न आपण विभागप्रमुखांवर सोडून देतो. माझं म्हणणं असं आहे की पाहुणा कोण, विषय कोणता आणि प्रश्न विचारायची मुभा कोणाला, या तीन गोष्टींतून विद्यार्थी शिकतो की अर्थव्यवस्था म्हणजे काय आणि ती कोणाची. पाठ्यपुस्तकातून जेवढं शिकतो त्यापेक्षा जास्त शिकतो, कारण पाहुण्याच्या मागे अख्ख्या महाविद्यालयाचा मान उभा असतो.

मग पाहुणे कोण असतात? बँकेचे शाखा व्यवस्थापक, सनदी लेखापाल, शहरातले उद्योजक, निवृत्त प्राचार्य, डीमॅट खाती उघडायला आलेल्या कंपनीचा प्रतिनिधी. यांच्यापैकी कोणाला बोलावू नये असं मी म्हणत नाही. आपल्या पोरांना शेअर बाजार कळला पाहिजे, कर्जाचा अर्ज कसा भरायचा हे कळलं पाहिजे, जीएसटी कळला पाहिजे. अज्ञानात कसलीच क्रांती नसते. पण या यादीत शेतमजूर संघटनेची बाई नसते, कंत्राटी सफाई कामगारांचा प्रतिनिधी नसतो, अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीचा हिशेब वर्षानुवर्षं मांडणारा कार्यकर्ता नसतो. अर्थव्यवस्थेच्या ज्या टोकावर आपली माणसं उभी आहेत तिथून एकही पाहुणा येत नाही. मग बाकावरच्या पोराला वाटतं की आपल्या घरात जे चालतं ते अर्थशास्त्र नव्हे, ती नुसती गरिबी. अर्थशास्त्र म्हणजे दुसऱ्यांच्या घरातला पैसा.

समाजकार्याच्या निमित्ताने मला मराठवाड्यातल्या काही महाविद्यालयांत बोलावणं येतं. माझा विषय समाजशास्त्र, त्यामुळे अर्थशास्त्र विभागाला मी आठवते ती मार्चमध्ये, महिला दिनाच्या आसपास, बचत गटावर बोलायला. एका ठिकाणी मी विषय सुचवला होता, 'जात, कर्ज आणि मजुरी'. विभागातून फोन आला. आवाजात अडचण होती. "मॅडम, विषय चांगलाच आहे हो, फक्त शीर्षकात जात नको. वरून विचारतात. 'सर्वसमावेशक विकास' असं काही देऊ या का?" मी म्हटलं, "सर, फ्लेक्सवर तुम्हाला हवं ते छापा, बोलणार मी ठरवलेलंच." तिथे कार्यक्रम झाला. दुसऱ्या एका ठिकाणी हेच उत्तर दिलं आणि पुन्हा फोन आला नाही.

यात मला अपमान वाटला नाही, कारण ही पद्धत आपल्याला नवी नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं. भाषणाचा मसुदा हातात पडल्यावर मंडळाची चलबिचल सुरू झाली. काही भाग वगळा, हिंदू धर्मग्रंथांबद्दलचं परखड बोलणं सौम्य करा, अशी गळ घातली. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. त्यांनी ते न झालेलं भाषण स्वतःच्या खर्चाने छापून काढलं, तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. वक्ता हवा, पण त्याचं म्हणणं नको, हा यजमानांचा हिशेब तेव्हापासूनचा आहे. फरक एवढाच की ते मंडळ निदान जात मोडायची भाषा करत होतं. आजचा विभाग 'जात' हा शब्दच फ्लेक्सवर चढू देत नाही.

त्या पुस्तकात एक शुद्ध अर्थशास्त्रीय मुद्दा आहे. जातिव्यवस्थेचे समर्थक म्हणायचे की ही तर कामाची वाटणी आहे, अशी वाटणी प्रत्येक समाजात असते. बाबासाहेबांनी दाखवलं की इथे काम वाटलेलं नाही, काम करणारी माणसंच वाटून टाकलेली आहेत, तीही एकावर एक अशा उतरंडीत. माणसाने आपल्या कुवतीप्रमाणे धंदा बदलायचा नाही, म्हणून एका धंद्यात माणसं बेकार आणि दुसऱ्यात माणूस मिळत नाही. बेकारीचं हे कारण श्रमबाजाराच्या कोणत्या प्रकरणात शिकवतात? ज्या विभागात हे शिकवत नाहीत तिथे आपण विचारायला नको का, की का शिकवत नाही?

उत्तर ठरलेलं असतं: "जात हा समाजशास्त्राचा विषय, आमचा नाही." समाजशास्त्रात एम.ए. केलेली बाई म्हणून मला हे ऐकून हसू येतं. नोकरी, मजुरी, जमीन, कर्ज आणि बाजार ही जर अर्थशास्त्राची खाती असतील, तर त्या प्रत्येक खात्यात जात बसलेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदललं फक्त आडनाव. दलित वाटणाऱ्या नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याचं प्रमाण उच्चवर्णीय नावाच्या दोन तृतीयांश भरलं आणि मुस्लिम नावाचं एक तृतीयांश. एकाच गुणवत्तेला बाजार तीन वेगवेगळे भाव देत असेल, तर हा किंमत सिद्धान्ताचाच प्रश्न झाला. तो समाजशास्त्राच्या विभागात ढकलून कसा चालेल?

आता दोष कोणाचा, याबद्दल. फोन करणाऱ्या त्या सरांवर माझा राग नाही. अशा विभागांतून निम्म्याहून जास्त शिकवणं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या खांद्यावर असतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली माणसं तासाच्या हिशेबाने पैसे घेतात, तेही महिनोन्महिने थकलेले. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. त्यांच्यात आपली पोरं पुष्कळ आहेत. कार्यक्रमाच्या खुर्च्या लावणं, सूत्रसंचालन, अहवाल, फोटो, सगळं तेच करतात. विभागात रोज येणारा हा माणूस खरा कायमचा पाहुणा आहे, फक्त त्याला शाल मिळत नाही. त्याने शीर्षकातल्या एका शब्दासाठी संस्थाचालकांशी भांडावं अशी अपेक्षा आपण बाहेरून करायची नाही. भांडायचं तर त्याच्या बाजूने उभं राहून भांडायचं. लक्षात ठेवा, १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेब स्वतः राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि ती नेमणूकही तात्पुरतीच होती. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर तिथल्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. अर्थशास्त्र विभागात जात कुठून आली असं विचारणाऱ्याला हे भांडं दाखवावं.

पण एक बोट आपल्याकडेही वळवू या. आपण स्वतः अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांना कसं मांडतो? १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एक वाक्य ठोकून देतो: रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे झाली. टाळ्या पडतात. घोषणेला हे वाक्य पुरतं, वादाला पुरत नाही. समोरचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक विचारतो, "कसं काय बरं?" आणि आपला कार्यकर्ता गप्प होतो.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक १९२३ साली लंडनमध्ये छापून आलं. त्यातला झगडा रुपयाच्या मोलाचा आहे. तेव्हाच्या सरकारला आणि केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाला सुवर्ण विनिमय परिमाण सोयीचं वाटत होतं. बाबासाहेबांचं म्हणणं होतं की या पद्धतीत रुपये किती काढायचे याला पक्की मर्यादा राहत नाही. चलन फुगतं, भाव वाढतात आणि रुपयाची देशातली खरेदीशक्ती घसरते. विनिमयाचा दर सांभाळण्यापेक्षा लोकांच्या हातातल्या रुपयाने बाजारात काय मिळतं ते सांभाळा, आणि चलन काढण्याच्या सरकारी अधिकाराला आवर घाला, असा त्यांचा आग्रह. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच आयोगाने पुढे मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. हा क्रम नीट सांगितला तर कोणीही तो खोडू शकत नाही.

आणि यातला आपल्या कामाचा मुद्दा तर वेगळाच आहे. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते आणि देशाचं भलं होतं, असं व्यापारी सांगत होते. बाबासाहेबांनी विचारलं, नफा कोणाच्या खिशातून आला? भाव चढतात, मजुरी मागे राहते, म्हणजे मजुराच्या ताटातलं व्यापाऱ्याच्या गल्ल्यात जातं. एका वर्गाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा, आणि नाव मात्र देशाच्या भल्याचं. महागाईवर याहून नेमका प्रश्न आजच्या कोणत्या अर्थसंकल्पाच्या व्याख्यानात विचारला जातो? फेब्रुवारीतल्या त्या पाहुण्यांना आपल्या पोराने उभं राहून एवढंच विचारावं: "सर, ही वाढ कोणाच्या मजुरीतून आली?"

प्रश्न विचारण्याची ही सवय बाबासाहेबांना चर्चासत्रांनीही लावली. १९१६ च्या मे महिन्यात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. तिथे विद्यार्थी मांडत होता आणि प्राध्यापक ऐकत होते. लंडनला त्यांचे गुरू होते एडविन कॅनन. त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ला प्रस्तावना लिहिली, आणि त्याच प्रस्तावनेत शिष्याच्या काही मतांशी आपण सहमत नाही हेही उघड लिहून टाकलं. शिष्याने ती तशीच छापली. आणि १९३९ च्या जानेवारीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात बाबासाहेब स्वतः पाहुणे वक्ते होते. तिथे त्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची चिरफाड केली, 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' हे ते भाषण. तिघांची तीन रूपं आहेत: विद्यार्थी म्हणून मांडणं, गुरूचा विरोध मानाने घेणं, पाहुणा म्हणून न कचरता बोलणं. आजच्या आपल्या विभागीय कार्यक्रमात यातलं एक तरी दिसतं का? विद्यार्थ्याच्या वाट्याला रांगोळी काढणं, स्वागतगीत म्हणणं आणि टाळ्या वाजवणं एवढंच उरलं आहे.

फ्लेक्सवर 'सर्वसमावेशक विकास' छापलेल्या त्या कार्यक्रमात मी भाषण वीस मिनिटांत आटोपलं आणि विचारलं, "कोणाच्या घरी उचल घेतात?" बराच वेळ एकही हात वर आला नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आमचे आई-वडील मिळून एक कोयता आहेत, मॅडम." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल त्या कोयत्यावर मिळते, हंगामाआधी, मुकादमाकडून. मजुरी त्या उचलीतून वळती होते. खाडा पडला तर दंड. बाई अर्धा कोयता, तिच्या नावाचा वेगळा हिशेबच नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा खाड्याच्या दंडाची भीती हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं होतं.

त्या पोरीने श्रमाची मागणी आणि पुरवठ्याचे वक्र वहीत काढलेले होते. त्यात मजूर हा सुटा माणूस असतो आणि मजुरीचा दर बघून काम करायचं की नाही हे तो ठरवतो. तिच्या घरात दोन माणसं मिळून एक नग होता, आणि दर ठरण्याआधी कर्ज ठरत होतं. विभागातले एक तासिकेवरचे सर उठले आणि त्यांनी फळ्यावर दोन चौकोन काढले, एकात 'कर्ज', दुसऱ्यात 'मजुरी', आणि मध्ये दोर. म्हणाले, "हे दोन बाजार एकमेकांना बांधले की मजुराला भाव करता येत नाही. परीक्षेत आलं तर असंच लिहा." पुढचा तासभर पोरं बोलत होती. कोणी वीटभट्टीचं सांगितलं, कोणी मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्याचं, कोणी शिष्यवृत्ती खात्यात यायच्या आधीच शुल्कासाठी घेतलेल्या उसन्याचं. त्यांत अनेक जातींची मुलं होती. त्या तासाभरात पाहुणी म्हणून माझी फारशी गरज उरली नव्हती. तज्ज्ञ बाकांवरच बसलेले होते, आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

काही मित्र म्हणतील, ताई, पोरांना नोकरी मिळेल असं काही सांगा, ही जुनी रडगाणी नकोत. मी म्हणते, आपलं शोषण कोणत्या यंत्रणेने होतं ते नेमकं मांडता येणं हे रडगाणं नव्हे, ती विद्या आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत, संशोधनाच्या अर्जात, ग्रामसभेत, संघटनेच्या वाटाघाटीत तीच कामाला येते. दुसऱ्याच्या भाषेत बोलणाऱ्याला नोकरी मिळेलही. पण उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळला तर तो अर्थसंकल्पाच्या कोणत्या पानावर शोधायचा, हे त्याला कळणार नाही.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयातल्या आपल्या पोरांसाठी काही कामं सुचवते. कोणत्याही कामाला पैसा लागत नाही.

पहिलं, वर्ष सुरू होताच अर्थशास्त्र विभागाला लेखी पत्र द्या, दहा-बारा विद्यार्थ्यांच्या सह्यांनी, वेगवेगळ्या जातींच्या आणि मुलींच्याही. त्यात विषय सुचवा. अनुसूचित जाती उपयोजना घ्या: २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे, त्या प्रमाणात निधी ठेवायचा हे धोरण आहे. ठेवला किती, खर्च किती, परत किती गेला? आंध्र प्रदेशाने २०१३ साली यासाठी कायदा केला, कर्नाटकानेही केला. आपल्याकडे कायद्याचं काय, यावर एक अख्खं चर्चासत्र होऊ शकतं. खोती, महार वतन, 'स्मॉल होल्डिंग्ज' या १९१८ च्या लेखातली शेतीची मांडणी, महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', हे सगळे अर्थशास्त्राचे विषय आहेत.

दुसरं, पाहुण्यांची नावंही तुम्हीच सुचवा. तुमच्या तालुक्यातली सफाई कामगार संघटना, बचत गटाचे हिशेब ठेवणारी बाई, गायरानाच्या जमिनीसाठी लढलेला म्हातारा. त्यांना मानधन आणि शाल तीच, जी बँकेच्या साहेबांना.

तिसरं, निम्मा वेळ प्रश्नांसाठी ठेवण्याचा आग्रह धरा, आणि आदल्या रात्री वसतिगृहात बसून प्रश्न लिहून काढा. प्रश्न तिरका नको, आकड्याचा हवा. रागाने विचारलेला प्रश्न साहेब हसून उडवतात. आकडा हसून उडवता येत नाही.

चौथं, दर सत्रात निदान एका विद्यार्थ्याचा निबंध विभागात वाचला जावा. पंधरा मिनिटांचा चालेल, मराठीतच चालेल. प्राध्यापकांनी त्यावर टीका करावी आणि ती आपण ऐकून घ्यावी. कॅननसारखा गुरू मिळायचा तर टीका सोसणारा शिष्यही लागतो.

आणि विभागाने नकार दिला तर? तर तोही लेखी मागा. मग बुद्धविहारात, समाजमंदिरात, वाचनालयात तोच कार्यक्रम घ्या आणि विभागातल्या प्राध्यापकांना रीतसर निमंत्रण द्या. पहिल्या रांगेत बसवा, शाल द्या, आणि प्रश्नोत्तरांना पूर्ण वेळ ठेवा. येत्या सत्राला अजून अवकाश आहे. पत्राचा मसुदा आजच लिहायला घ्या.

जय भीम, जय शिवराय, जय जोती!